आधी टायर, दादा

दादा, तुझ्या बाराव्याला भट पिंडांची तयारी करत होता आणि माझा फोन वाजला. डिचोलीहून आपला गॅरेजवाला दत्ता मेस्त. बिचारा सावंतवाडीकडे सासुरवाडीला जाऊन कालच परतला होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "दादांक सांगात, गाडी उंच करपाचें किट आयलां. कधी हाडतात गाडी?" मी तुझ्या कारापूरच्या अंगणात हातात केळीची पानं घेऊन उभी. दादा नाहीत, एवढंच मी म्हटलं. तर तो म्हणतो, "खंय गेल्यात? कधी येतले?"

आता यावर माणसाने काय बोलावं? मी त्याला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "मागीर त्या किटाचें कितें करूं?" मला त्याचा राग आला नाही. तुझा आला. भटासमोर, पिंडांसमोर, वहिनीच्या रडून सुजलेल्या डोळ्यांसमोर मला तुझा इतका राग आला की पानं तिथेच टाकून तुला हाक मारावीशी वाटली.

म्हणजे तू ऑर्डर देऊन टाकली होतीस. मी स्वच्छ नको म्हटलं होतं. तू "पळोवया", बघूया, म्हणाला होतास. जन्मभर ऐकलेलं ते तुझं "पळोवया" म्हणजे "मी करणारच आहे, तू फक्त आरडाओरडा करू नकोस." कुणी भाबडा माणूस त्याचा अर्थ "विचार करूया" असा लावायचा आणि फसायचा. भेटायला आलेली माणसं सांगून जातात की दादाने कधी कुणाचं मन मोडलं नाही. खरं आहे. मन मोडायला तोंडावर नाही म्हणावं लागतं, ते तुला कधी जमलं नाही. मी चहा देत ऐकून घेते.

गाडी आपण दोघांनी मिळून घेतली तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं. जुनी, पण इंजिन ठणठणीत. केरीच्या डोंगरावरचं आपलं काजूचं भाट, म्हणजे बाग, तिथवर जायला चार चाकं हवीत, एकट्याला परवडत नाही, तेव्हा अर्धी तुझी अर्धी माझी. पावसाचे महिने तुझ्याकडे, काजूचा मोसम माझ्याकडे, असं ठरलं. प्रत्यक्षात गाडी बारा महिने तुझ्याच दारात. डोंगराच्या त्या वाटेवर पाण्याने चर पाडलेत आणि मधे जांभ्या दगडाचा कणा उभा राहिलाय. दोन्ही चाकं उंचवट्यावर ठेवून सांभाळत चढायचं सोडून तू आपला ट्रकवाल्यासारखा चरातून सरळ. खण्ण आवाज आला आणि तेल दगडावर सांडलं. चेंबर फुटलं. गाडी दोराने ओढत खाली आणली, केरीतले लोक बघायला जमले, आणि त्या गर्दीत उभा राहून तू जाहीर केलंस की गाडी उंच केली पाहिजे.

चूक चालवणाऱ्याची, आणि शिक्षा गाडीला.

तिथून वर्षभर आपलं तेच एक भांडण चाललं होतं. तू म्हणायचास, स्प्रिंगा बदलू, दोन इंच वर उचलू, मग कसलाही दगड येऊ दे. मी म्हणायचे, दादा, टायर बघ आधी. खाचांत नखसुद्धा बुडत नाही, टायरच्या बाजूला बारीक चिरा पडल्यात, पावसात ब्रेक मारलास तर गाडी शेजारच्याच्या ओसरीत जाऊन थांबेल. गाडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशात एकच काम होणार होतं, एक तर टायर, नाही तर उंची. उंच गाडी वळणावर जास्त कलते, थांबायलाही वेळ घेते, त्यात टायर गुळगुळीत. शिवाय आरटीओ, विमा या भानगडी वेगळ्याच. माझं पेडण्याला हार्डवेअरचं दुकान आहे, ओल आलेल्या भिंतीवर महागाचा रंग मारायला निघालेली गिऱ्हाइकं मी रोज बघते. त्यांना मी आधी ओल बंद करा म्हणून सांगते, ती ऐकतात. माझा सख्खा भाऊ ऐकत नव्हता.

मग तू मधला मार्ग काढलास, आणि त्या मार्गाने माझं डोकं आणखी फिरलं. उंची नवीन, टायर रिमोल्ड! म्हणजे जुन्याच टायरवर वरून नवं रबर चढवायचं. "बाय, ट्रकाक आयुष्यभर रिमोल्ड घातले. कितें जालें?" अरे, ट्रकला दहा टायर असतात. एक फुटला तर नऊ उरतात. आपल्याला चारच आहेत, हे मी तुला किती वेळा सांगितलं? तू हसायचास. तुझं ते हसणं म्हणजे समोरच्याचा मुद्दा बरोबर असल्याची कबुली होती, आणि तरीही माघार घ्यायची नाही याची खूणही.

दत्ता मेस्तला विचारलं तर तो तुझ्यासमोर तुझ्यासारखं बोलायचा, माझ्यासमोर माझ्यासारखं. एकदा आपण दोघे मिळूनच गेलो, तेव्हा त्याने आपल्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि "दोनूय बरें" असं म्हणून तो गाडीखाली शिरला तो बाहेरच येईना.

तुला उंची कशासाठी हवी होती ते मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. खाणी चालू होत्या तेव्हा तू दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये असायचास, रस्त्याच्या वर, माणसांच्या वर, घरांच्या कौलांच्या बरोबरीने. खाणी बंद पडल्या, दारातले ट्रक एकेक करून गेले आणि तू खाली आलास. कुणापाशी रडला नाहीस, कुणाला शिव्या घातल्या नाहीस. फक्त लहान गाडीत बसलास की मान उंच करून बसायचास, समोरच्या गाडीपलीकडचं बघायची सवय जाईना म्हणून. मला हे दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच जास्त चिडचिड व्हायची, कारण दोन इंचांनी तुझं काही परत येणार नव्हतं आणि ते तुला सांगायची माझी छाती नव्हती.

आणि तुझ्याशी असं कडाकडा भांडण्याचा मला अधिकार कुणी दिला? तूच. घरात मुलींनी सायकल शिकली तरी पुष्कळ, असं म्हणायचे दिवस. तू मला खाणीवरच्या त्या लाल सपाटीवर नेलंस, ट्रकच्या सीटवर उशी ठेवलीस आणि क्लचवर पाय पुरेना तर म्हणालास, "लांब कर गो पाय, रडूं नाका." मी रडत नव्हते, घाबरले होते. ट्रक आचके देत बंद पडायचा आणि तू परत सुरू करायचास. एकदाही ओरडला नाहीस. लाल धुळीने माखून घरी आलो तेव्हा आई तुझ्यावर चिडली आणि तू माझ्यापुढे उभा राहिलास. दुकानाचा माल मी आज स्वतः म्हापशाहून आणते, टेम्पोवाल्याच्या पाया पडत नाही. हे तुझं देणं आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लगेच त्याच्यावर उंचीचा मुद्दा पुढे रेटला असतास.

आपली शेवटची बैठक आठवते ना? रविवार होता, वहिनीने बांगड्याची कढी केली होती. जेवताना तू पावाचे दोन उंडे घेतलेस, त्यांच्यावर काड्यापेटी ठेवलीस आणि मला समजावू लागलास की हे बघ, ही गाडी, आणि आता हा दगड खालून कसा आरामात जातो. दगड म्हणून लसणीची पाकळी. मी एक उंडा खालून काढून घेतला आणि कढीत बुडवून खाल्ला. काड्यापेटी पडली. मयुरी, तुझी लेक, इतकी हसली की तिला ठसका लागला. तू पडलेल्या काड्यापेटीकडे बघत बसलास आणि म्हणालास, "फुडल्या आयताराक तुका जाप दितां." पुढच्या रविवारी उत्तर देतो!

गुरुवारी सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला म्हणून तू पाव घ्यायला फाटकाशी गेलास आणि तिथेच बसलास. पोदेराने वहिनीला हाक मारली. ती पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाला हृदय. मला पेडण्याहून यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी एकच विचार करत होते, की रविवारी तू मला काय उत्तर देणार होतास? लाज वाटते सांगायला, पण हाच विचार. भाऊ गेला हे डोक्यात शिरायच्या आधी भांडण अर्धं राहिलं हे शिरलं.

बारावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मी वहिनीपाशी विषय काढला. मयुरीला तुयेला नोकरी लागली आहे, ते तुझ्यासमोरच झालं. कारापूरहून तुयेला रोज बसने जाणं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यावर, तेव्हा आता गाडी तीच चालवणार. भर पावसाळ्यात. म्हणून म्हटलं, वहिनी, किट नको, टायर घालूया. वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली, "बाय, त्यांची निमाणी इत्सा ती. आनी त्यांणी सातेरीकडे प्रसाद घेतललो. देवीन उजवो दिला."

मी कपाळाला हात लावला. दादा, तू सातेरीला कौल लावलास? लग्न ठरवताना लावतात, घर बांधताना लावतात, जमिनीचा तंटा असेल तर लावतात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं. ती सातेरी, गावाची आई, आणि तू तिच्यापुढे स्प्रिंगांचा प्रश्न नेलास? आणि उजवा कौल मिळाल्यावर आता तो मोडायची कुणाची हिंमत? वहिनी देवाला मानणारी बाई. नवरा गेलेला, त्याची शेवटची इच्छा, वरून देवीचा होकार. मी टायरच्या खाचांबद्दल बोलत होते आणि तिच्या मनात होतं की कौल डावलला तर मुलीवर काही येईल. मुलीवर काही येऊ नये म्हणून तर मी बोलत होते! दोघींना एकच भीती, आणि त्या भीतीपायी दोघी दोन टोकांना. तुझ्या नावाने मी त्या दिवशी जेवढी बोटं मोडली तेवढी अख्ख्या जन्मात मोडली नसतील.

शेवटी वहिनीच म्हणाली, परत प्रसाद घेऊया, देवीला विचारूनच काय ते करूया. सोमवारी सकाळी दोघी देवळात गेलो. भटजींना सांगितलं की गाडीचा विषय आहे, पूर्वी दादाने कौल घेतला होता, आता फिरवून विचारायचं आहे. त्यांनी पाकळ्यांचं तबक बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "परतून कित्याक? दादान तीन फावट प्रसाद घेतललो. पयले दोन फावट देवीन डावोच दिलो. तिसऱ्या सोमारा उजवी पाकळी पडली, तसोच उठून गेलो. प्रसादाचो नारळ घेवपाकय रावलो ना."

मंडपात आम्ही दोघीच होतो. मी वहिनीकडे बघेना, कारण मला वाटलं ती आता कोसळेल. आधी तिचे खांदे हलले. मग ती हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, देवीसमोर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "देवीकय सोडलें ना गो ह्या मनशान!" मीही हसले. भटजी गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, पुन्हा पाकळ्या लावू का? वहिनीने डोळे पुसले, देवीला हात जोडले आणि नको म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिणें दोनदां सांगलां. टायर घाल."

तू देवीलाही "पळोवया" म्हणून गुंडाळलंस, दादा. दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. असा कसा रे तू? आणि असा होतास म्हणूनच खाणी बंद पडल्यावरही ताठ उभा राहिलास, हे मला त्या मंडपात उगाचच आठवलं आणि माझा राग काही धड टिकेना.

दत्ता मेस्तने किट दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवून घेतलं, कुरकुर केली नाही. टायर घ्यायला मी मयुरीला बरोबर नेलं. दुकानदाराने आधी पुढे ठेवलेले चार टायर दाखवले, स्वस्त आणि चकचकीत. जुना माल पुढे मांडायची युक्ती मला कुणी शिकवू नये. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते मी मयुरीला वाचून दाखवलं. बनून कधीचे पडून राहिलेले होते ते. दुकानदार कसनुसा हसला आणि मागच्या खोलीतून ताजे टायर काढून आणले. माप कंपनीचंच ठेवलं, दारावरच्या चिकटपट्टीवर लिहिलंय तेच, एक बोटही जाड नाही. फक्त खाचा साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा थोड्या खोल घेतल्या. त्या तुझ्यासाठी घेतल्या असं मनातही आणू नकोस. केरीच्या डोंगरावर काजू आहेत, काजू कुणीतरी गोळा करायला हवेत.

चाकं बसवून, अलाइनमेंट करून घेतली. जुने टायर तिथेच टाकून आलो. एकाच्या आतल्या बाजूची तार दिसत होती. ती मी मयुरीला दाखवली नाही.

परवा मी तिच्याबरोबर गेले. नवी नोकरी, नवे टायर, आणि पाऊस असा की वायपर फिरून फिरून थकावेत. कोलवाळच्या पुढे एका वळणावर भाड्याच्या स्कूटरवरची दोन पर्यटक पोरं रस्त्यात आडवी झालेली, स्कूटर एकीकडे, ती दुसरीकडे. मयुरीने ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. गाडी जमिनीला धरून थांबली, घसरली नाही, तिरकी झाली नाही. डोळे उघडले तर तो पोरगा आमच्या बंपरपासून हातभरावर बसून गुडघा चोळत होता. त्याला काही झालं नव्हतं. आम्ही उतरून त्यांना बाजूला केलं, स्कूटर उचलून दिली आणि भिजून परत आत बसलो.

मी काही बोलणार होते. टायरबद्दलच बोलणार होते, आणि मला तो हक्क होता. तेवढ्यात तुझी लेक गाडी सुरू करता करता म्हणाली, "आते, गाडी मात्शी उंच आसती जाल्यार तीं दोगांय माका आदींच दिसलीं आसतीं."

मी म्हटलं, दिसली असती पण गाडी थांबली असती का? तर म्हणते, आधी दिसली असती तर एवढ्या जोरात थांबवावीच लागली नसती. म्हटलं, उंच गाडी अशा ओल्या वळणावर कलंडली असती. तर म्हणते, दोन इंचांनी कोण कलंडतं? म्हटलं, आरटीओ पकडेल. ती म्हणते, आधी पकडू दे.

दादा, तू गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. भाऊ गेला म्हणून दुकानात गिऱ्हाइकं भाव करत नाहीत, नवरा जेवणाला नावं ठेवत नाही, वहिनी म्हणेन त्याला हो म्हणते. मी म्हणेन ते खरं. एवढं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. आणि ही पोरगी, ओल्या केसांनी, माझ्या तोंडावर उलटून बोलत होती.

तुये येईपर्यंत मी भांडण सोडलं नाही.